महिला कारागृहात आघाताचे भान ठेवून काम करणे म्हणजे नेमके काय

तुम्ही एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात समुपदेशिका म्हणून नुकत्याच रुजू झाला आहात आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’, म्हणजे समोरच्या माणसावर झालेल्या आघाताचे भान ठेवून केलेली सेवा, हा शब्द प्रशिक्षणात अनेकदा ऐकला, पण बॅरेकमध्ये पाऊल ठेवल्यावर त्याचे करायचे काय, हा पहिला प्रश्न. समोर बसलेल्या बायका स्वतःवर गुदरलेले काही सांगत नाहीत, त्यांना बोलते कसे करावे, हा दुसरा. आणि एखादी बाई दातखीळ बसून पडते, थरथरते किंवा बांगडीच्या काचेने हात कापून घेते, तेव्हा कर्मचारी ‘नाटकं आहेत सगळी’ म्हणतात, त्यांना काय सांगावे, हा तिसरा. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील समाजसेविका म्हणून बावीस वर्षे महाराष्ट्रातील कारागृहांत जाते आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते. उदाहरणांतील ओळख पटेल असा सगळा तपशील बदललेला आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीचे बरेचसे उलगडते. बायकांना बोलते करण्याच्या मागे लागू नका. आघाताचे भान ठेवणे म्हणजे प्रत्येकीच्या जखमेची खपली काढून आत काय आहे ते पाहणे, असा समज आपल्या क्षेत्रात फार पसरला आहे आणि त्यामुळे कारागृहात झालेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. सकाळी अकरा वाजता एखाद्या बाईने बापाने किंवा दिराने काय केले ते रडत रडत सांगितले, तरी त्याच संध्याकाळी तिला चाळीस-पन्नास जणींबरोबर बॅरेकमध्ये बंद व्हायचे असते, बाहेरून टाळे लागायचे असते आणि मध्यरात्री तेच सगळे पुन्हा डोळ्यांसमोर आले तर जवळ घ्यायला तिचे स्वतःचे माणूस नसते. तुम्ही तोवर घरी पोहोचलेल्या असता. म्हणून माझे सांगणे असे, की कारागृहात आघातावरचा पहिला उपचार तिची कहाणी ऐकण्यात नाही. उद्या आपल्या बाबतीत काय होणार आहे हे तिला आज कळावे, एवढी व्यवस्था उभी करण्यात तो आहे. कहाणी यायची असेल तर त्यानंतर येते, तिच्या वेळेने येते, आणि कधी कधी येतही नाही.

आघात हा शब्द आपण कोणत्याही मोठ्या दुःखासाठी सैलपणे वापरतो, पण इथे त्याचा अर्थ नेमका धरायला हवा. जीव जाईल किंवा आपल्या देहावरचा आपला ताबा जाईल अशी भीती, आणि त्याच क्षणी पळता येत नाही, ओरडले तरी कोणी येत नाही ही अगतिकता, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीर तो प्रसंग वेगळ्या रीतीने साठवते आणि पुढे त्या प्रसंगाची नुसती सावली पडली तरी तो पुन्हा घडत असल्यासारखे वागते. अपघात एकदा होतो. परंतु ज्या घरात रोज संध्याकाळी दारात नवऱ्याची चप्पल वाजली की पोटात गोळा येतो, तिथे वर्षानुवर्षे राहिलेल्या बाईचा आघात निराळा असतो. तिचा राग आणि भीती तिच्या आवाक्यात राहत नाही, आपण वाईटच आहोत असे तिला मनापासून वाटू लागते आणि कोणावर विश्वास टाकणे तिला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. महिला विभागात तुम्हाला मुख्यतः हाच दुसरा प्रकार भेटेल.

तिथे कोण असतात ते थोडे पाहू. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांत महिला २३,७७२ होत्या, म्हणजे शंभरात जेमतेम चार. संख्या एवढी कमी असल्यामुळे कारागृहाची वेळापत्रके, दवाखाना, न्यायालयात नेणारा पोलीस गार्ड, कामधंदे, हे सगळे पुरुष डोळ्यांसमोर ठेवून बसवलेले असते आणि बायकांनी त्यात स्वतःला बसवून घ्यायचे असते. आत त्यांची ओळख नावाने नसते, कलमाने असते: तीनशेदोनवाली म्हणजे खुनाच्या आरोपातली, पिटावाली म्हणजे वेश्याव्यवसायाच्या कायद्यातली, एनडीपीएसवाली म्हणजे अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली. भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, तरी बॅरेकमधली ही नावे तशीच आहेत. त्यांत मारहाणीला कंटाळून नवऱ्यावर घाव घातलेली असते, सुनेच्या मृत्यूच्या गुन्ह्यात अडकलेली साठीची सासू असते, आणि मुंबईसारख्या ठिकाणी कागदपत्रे नाहीत म्हणून पकडलेली, मराठी न समजणारी मुलगीही असते. सासूही कधीतरी मार खाणारी सून होती, हे तिच्या तोंडून ऐकायला मला वर्ष लागले होते.

यांच्या आघाताचे थर असतात. एक थर घरातला, दुसरा पोलीस कोठडीतला. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा बायकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. त्या पत्रावरून न्यायालयाने १९८३ मध्ये, महिलांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथे महिला शिपाई असाव्यात आणि महिलेची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे आदेश दिले. आज चाळीस वर्षांनंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरीही नव्या आलेल्या बाईच्या अंगावरचे वळ पाहण्याची आणि ते नोंदवून घेण्याची सवय कारागृहाने सोडता कामा नये. तिसरा थर आपण स्वतः चढवतो, आणि तो टाळणे तर सर्वस्वी आपल्याच हातात असते.

नवी बाई कारागृहाच्या दरवाजात येते ती बहुधा दिवस मावळताना, कारण न्यायालयाचे कामकाज संपल्यावर पोलिसांची गाडी निघते. दिवसभर तिच्या पोटात काही नसते. आतल्या बायकांची गिनती होऊन बॅरेक बंद झालेले असते. नोंदणी, बोटांचे ठसे, दागिने जमा करणे, अंगझडती, आणि मग टाळे उघडून तिला अर्धवट उजेडात अनोळखी बायकांमध्ये सोडणे, हे सगळे पाऊण तासात उरकले जाते. जिच्यावर बळजबरी झालेली आहे तिच्या दृष्टीने पाहा: कोणीतरी हुकूम सोडते आहे, कपडे काढायला सांगते आहे, अंगाला हात लावते आहे, आणि नाही म्हणायची सोय नाही. तिला हे सगळे ओळखीचे आहे.

एका कारागृहात, नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या काढताना एक महिला शिपाई ‘आता कशाला हव्यात तुला?’ असे म्हणून गेली. मी दोन पावलांवर होते. त्या बाईने हात पुढे तसाच धरून ठेवला, बांगड्या निघाल्यानंतरही, आणि पुढचे नऊ दिवस ती कोणाशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या एका ठिकाणच्या शिपाईबाईंची रीत मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. त्या आधी आपले नाव सांगत. मग म्हणत, ‘ताई, बांगड्या आणि पोत मी या पाकिटात ठेवते. तुमच्यासमोर चिकटवते, तुम्ही वर अंगठा द्या. सुटाल त्या दिवशी हेच पाकीट तुमच्या हातात येईल.’ बांगड्या दोन्ही ठिकाणी निघाल्या. वेळही तेवढाच लागला. परंतु दुसऱ्या ठिकाणी त्या बाईला सुटण्याचा एक दिवस आहे हे कळले, आणि तिच्याकडून जे घेतले ते तिचेच आहे हेही कळले.

अंगझडतीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण जेवढी दुखापत तिथे होते तेवढी इतर कशातच होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये महिला बंद्यांसाठी सत्तर नियम स्वीकारले, ते बँकॉक नियम म्हणून ओळखले जातात. त्यांत आघाताची जाण ठेवून मानसिक उपचार द्यावेत असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे, आणि कपडे उतरवून घेतल्या जाणाऱ्या झडतीऐवजी स्कॅनरसारखे पर्याय शोधावेत असेही म्हटले आहे. तुमच्या कारागृहात स्कॅनर येईल तेव्हा येईल. तोवर एवढे तरी करून घेता येते: झडती पडद्याआड व्हावी, तिथे पुरुष कर्मचाऱ्याचा आवाजही पोहोचू नये, आणि कपडे कधीही एका वेळी सगळे उतरवू नयेत; आधी वरचे पाहावेत, ते अंगात घालू द्यावेत, मग खालचे. प्रत्येक कृती करण्याआधी ती सांगावी. ‘आता मी तुमच्या मागे येते आहे, केस पाहते आहे.’ पाठीमागून न सांगता लागलेला हात हा कित्येक बायकांना समोरून बसलेल्या चापटीपेक्षा भयंकर असतो. पाळी चालू असेल तर पॅड बदलायला लगेच द्यावे, मागायला लावू नये. या सूचना मी अधीक्षकांपुढे मांडते तेव्हा सुरक्षेची हरकत क्वचितच येते. वेळ नाही अशी हरकत येते, आणि घड्याळ लावून दाखवले की तीही मावळते, कारण घाबरलेली बाई अंग चोरते, झटापट करते आणि तिची झडती दुप्पट वेळ खाते.

त्याच रात्री तिला चार गोष्टी कळायला हव्यात: संडास कुठे आहे, सकाळी किती वाजता उठवतात, घरी निरोप कधी आणि कसा देता येईल, आणि आपली मुले या क्षणी कोणाजवळ आहेत. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी आम्ही एका भिंतीवर दिनक्रम रंगवून घेतला. बाकीच्यांसाठी आतलीच एखादी समजूतदार बाई पहिल्या रात्रीची सोबतीण म्हणून नेमली. ही सोबतीण निवडताना सावध राहा. बॅरेकमध्ये जिचा शब्द चालतो तीच पुढे केली जाते, आणि ती नव्या बाईकडून कपडे धुऊन घेते, पाय चेपून घेते. मी नेहमी अशी बाई शोधते जिला कोणी घाबरत नाही.

रात्रीबद्दल एकच गोष्ट सांगते. नव्या बाईला संडासाजवळची जागा मिळते, आणि मधोमध झोपावे लागले तर पुष्कळ जणींना झोपच येत नाही; त्यांना पाठीला भिंत लागते. भिंतीची जागा देणे हा औषधाशिवायचा झोपेवरचा उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. झोपेची गोळी लिहून घेण्याआधी हा उपाय करून पाहा.

आता तारखेविषयी, कारण बॅरेकमधले सगळे दिवस तारखेभोवती फिरतात. महिला विभागातील बहुसंख्य बायका न्यायाधीन असतात, म्हणजे त्यांचा निकाल लागलेला नसतो. तारखेच्या दिवशी बाई पहाटे उठून आंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून बसते, आणि दुपारी कळते की पोलीस गार्ड आला नाही किंवा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली. वकील कोण, तो काय म्हणाला, हे तिला कोणी सांगत नाही. जिच्या आयुष्यात आजवर सगळे इतरांनीच ठरवले, तिच्या दृष्टीने ही अनिश्चितता म्हणजे जुन्याच छळाचे नवे रूप असते. म्हणून माझ्या कामाचा निम्मा भाग बातमी आणून देण्याचा असतो, आणि तो भाग समुपदेशनाच्या बाहेरचा आहे असे मी मानत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; वकीलपत्रावर सही झाली आहे का, वकिलाचे नाव तिला ठाऊक आहे का, हे पहिल्या आठवड्यात पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेल्या न्यायाधीन व्यक्तीला जातमुचलक्यावर सोडता येते, मात्र ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी आहे त्याला हे लागू नाही. अशा बायकांची यादी करून अधीक्षकांसमोर ठेवणे हे वकिलाचे काम आहे असे म्हणून सोडून देऊ नका. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या कारागृहांत हेच करत आला आहे: बाईच्या मनाकडे पाहताना तिचा जामीन, तिचे घर आणि तिचे मूल यांच्यापासून मन वेगळे काढायचे नाही.

एक उदाहरण देते. एका बाईला दर गुरुवारी फिट येत असे. डॉक्टरांनी आकडीच्या गोळ्या चालू केल्या होत्या, त्या वाढवल्या, तरी गुरुवार चुकत नव्हता. कर्मचाऱ्यांच्या मते ही नाटके होती, बायकांच्या मते अंगात येत होते. गुरुवार हा त्या कारागृहात तिच्या विभागाच्या मुलाखतीचा, म्हणजे घरच्यांच्या भेटीचा, दिवस होता. सकाळी नावे पुकारली जात, तिचे नाव त्यात नसे, आणि अकराच्या सुमारास ती पडत असे. मी तिला तिच्या आयुष्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त तिच्या मुलीचा पत्ता विचारला. तिच्या सांगण्यावरून ती मुलगी चुलत्याकडे असायला हवी होती. तिथे ती नव्हती, तिला मावशीने नेले होते. फोन लावून दिला. मुलगी फोनवर फक्त ‘आई, मी शाळेत जाते’ एवढेच म्हणाली. पुढच्या दोन महिन्यांत ती बाई एकदा पडली. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांनी मज्जातंतूतज्ज्ञाकडे तपासून ठरवले. हे मुद्दाम लिहिते, कारण खरी आकडी आणि आघातातून येणारी आकडी एकाच व्यक्तीत असू शकते आणि आपण आपल्या मनाने कोणाचे औषध थांबवायचे नसते. मुलीच्या चुलत्याच्या घरात काय घडले होते ते त्या बाईने मला सात महिन्यांनी, गोधडीला टाके घालता घालता, मान वर न करता सांगितले.

आता ‘नाटकं’ या शब्दाविषयी. कर्मचाऱ्यांना व्याख्यान देऊ नका. मी त्यांना एवढेच विचारते, की रात्रपाळीत तुम्ही एकट्या उभ्या असताना मागून अचानक कोणी खांद्यावर हात ठेवला तर काय होईल? सगळ्या हसतात आणि सांगतात, अंग उडेल, ओरडू, एखादी म्हणते की मी तर थिजून जाईन. ते तुम्ही ठरवून करता का? नाही. या बाईचे शरीर तोच दचका दिवसातून वीस वेळा घेते. कधी ते मारायला धावते, कधी थिजते, आणि जेव्हा दोन्ही जमत नाही तेव्हा शुद्धच हरपते. आपल्याकडे अंगात येण्याला मान आहे, कारण त्या वेळी बाईला जे एरवी बोलता येत नाही ते बोलता येते. बॅरेकमध्येही त्याची थट्टा करू नये आणि त्याला उत्तेजनही देऊ नये. पडलेल्या बाईला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, चार जणींनी दाबून धरणे, हे बंद करा. कुशीवर वळवावे, गर्दी हटवावी, एकीनेच शांत आवाजात तिचे नाव, ठिकाण, आजचा वार सांगत राहावे. शुद्धीवर येताना पाय जमिनीला टेकवायला सांगावे, गार पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरायला द्यावा. अंगाला हात लावायचा असेल तर विचारून.

हात कापून घेतलेल्या बाईबाबत तुमच्या लेखणीवर फार काही अवलंबून असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ मध्ये, लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे. कारागृहात या दोन कलमांमधले अंतर एका वाक्याचे असते. ‘मागणी मान्य करवून घेण्यासाठी हात कापला’ असे नोंदवहीत लिहिले गेले तर तिच्यावर नवा गुन्हा येऊ शकतो. ‘मुलाखत रद्द झाल्याचे कळल्यावर, आधीपासून झोप नसताना, हात कापला’ असे लिहिले तर तिला उपचार मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. जे पाहिले तेच लिहा, हेतू लिहू नका. आणि अशा बाईला एकटीला वेगळ्या खोलीत ठेवण्याची सूचना आली तर शक्य तितक्या जोराने विरोध करा. तिला सोबत आणि नजर दोन्ही हवे असते, एकांत नको असतो.

बोलण्यापुरते बोलायचे तर तुमच्या खोलीची मांडणी आधी पाहा. बाईची खुर्ची दाराकडे तोंड करून असावी आणि दार व तिच्यामध्ये तुम्ही नसावे. पहिल्या भेटीत, तुमच्याजवळ बोललेले काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे सरळ सांगा: तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला कळवावे लागेल, बाकीचे माझ्याजवळ राहील. न्यायाधीन बाईला गुन्ह्याच्या दिवशी काय घडले हे विचारू नका आणि तिने सांगितले तरी वहीत उतरवू नका. तुमची वही उद्या कोणाच्या हाती पडेल हे तुमच्या हातात नाही. मी बहुतेक सगळ्यांना एकच वाक्य सांगते: ‘इथं येणाऱ्या पुष्कळ बायकांनी आधी मार खाल्लेला असतो, काही जणींवर त्याहून वाईट वेळ आलेली असते. तुमच्या बाबतीत तसं काही असेल आणि कधी सांगावंसं वाटलं तर मी सोमवारी आणि गुरुवारी असते. नाही सांगितलं तरी मी येतेच.’ मग खरोखर सोमवारी आणि गुरुवारी जा. एक गुरुवार न कळवता चुकवला तर तीन महिन्यांचे काम वाया जाते.

गटात बसायचे असेल तर हाताला काम असावे. गोधडी, विणकाम, धान्य निवडणे चालते. सुया मोजून द्याव्या, मोजून घ्याव्या, त्यावरून कुरकूर करू नये. जुन्या पिढीतल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांतल्या सासर-माहेराच्या ओळींमधून जेवढे बोलले जाते तेवढे माझ्या कोणत्याही प्रश्नावलीने काढलेले नाही. डोळे मिटून करायचे ध्यान मात्र सरसकट सगळ्यांना लावू नका. डोळे मिटले की कित्येकींना तोच प्रसंग दिसू लागतो. डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहण्याची मुभा द्या. एका दिवसासाठी बाहेरून येऊन क्षमा, सकारात्मक विचार वगैरेंवर बोलणाऱ्या पाहुण्यांना मी आता स्पष्ट नकार देते, कारण ज्यांनी छळले त्यांना क्षमा करा असे ऐकून बरी झालेली बाई मी पाहिलेली नाही, आणि आजारी पडलेल्या पाहिल्या आहेत.

मुलांविषयी. आईबरोबर कारागृहात मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणात त्याचे सविस्तर निर्देश दिले आहेत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशात १,५३७ महिला बंद्यांबरोबर त्यांची १,७६४ मुले आत होती. सहावा वाढदिवस ही त्या आईच्या दृष्टीने फाशीच्या तारखेसारखी गोष्ट असते, आणि तरीही बहुतेक ठिकाणी त्याची तयारी वाढदिवसाच्या आठवड्यात सुरू होते. निदान सहा महिने आधी सुरू करा. मूल ज्या संस्थेत किंवा नातेवाइकाकडे जाणार तिथली माणसे आधी दोन-तीनदा येऊन मुलाशी खेळून जावीत, आईने मुलाच्या पिशवीत स्वतःच्या साडीचा तुकडा ठेवावा, आणि पुढची भेट कधी होणार ती तारीख मुलासमोर सांगावी. महाराष्ट्रातील काही कारागृहांत शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी ‘गळाभेट’ होते, त्यात जाळी मध्ये न ठेवता मुलांना जवळ घेता येते. न्यायाधीन आयांनाही ती मिळावी यासाठी मी गेली अनेक वर्षे अर्ज करते आहे.

कर्मचाऱ्यांना वगळून यातले काहीही टिकत नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला, कारागृहाच्याच कर्मचाऱ्यांवर तिला मारहाण करून ठार केल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि आतल्या बायका त्या मृत्यूनंतर छतावर चढून ओरडल्या. त्या घटनेनंतर अनेक कारागृहांतल्या शिपाईबाया माझ्याशी बोलल्या. सलग पाळ्या, घरी लहान मुले, रोज अंगावर येणारा आक्रोश, आणि त्यांच्यातल्याही कित्येक जणी घरी मार खाणाऱ्या. एकीने विचारले, ‘मॅडम, तुम्ही त्यांच्यासाठी सांगता ते आमच्यासाठी कोण करतं?’ मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. तो बरोबरच होता. महिन्यातून एकदा, वरिष्ठांना वगळून, तासभर त्यांच्याबरोबर बसा. ज्या शिपाईबाईचे ऐकून घेतले जाते तिचा आवाज बॅरेकमध्ये खाली येतो, हे मी वारंवार अनुभवले आहे.

औषधोपचाराचे थोडक्यात: मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. तुमच्या डॉक्टरांना ते मिळाले आहे का ते विचारा, नसेल तर लेखी मागणी करा, आणि ठाणे किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवणी करताना बाईला आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत हे आदल्या दिवशी सांगा. ‘वेड्यांच्या इस्पितळात टाकताहेत’ असे तिने वाटेत गाडीत ऐकू नये.

सुटकेचा दिवसही पुष्कळदा संध्याकाळीच उजाडतो. आदेश पोहोचतो, सही होते, आणि बाई अंधारात दरवाजाबाहेर उभी राहते. जिच्यापासून ती वाचायला हवी तोच माणूस कधी कधी घ्यायला आलेला असतो. म्हणून जामिनाची शक्यता दिसू लागली की तिला विचारून ठेवा: कोणाबरोबर जायचे नाही? त्या नावांची नोंद दरवाजावरच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असावी, जवळच्या महिला निवाऱ्याचा फोन आणि तिथपर्यंतचे भाडे पाकिटात असावे. आमच्याकडे ते बांगड्यांच्या पाकिटातच ठेवतात. अंगठा देऊन चिकटवलेले ते पाकीट तिच्यासमोर उघडले जाते, ती बांगड्या तिथेच, उभ्या उभ्या, हातात भरते, आणि मग विचारते की बस कुठून मिळेल.